दिवाळसणाच्या मोटारीची आणि चिकटल्या चकतीची हकीगत

श्रीगजाननास वंदून, जे डोळां देखिले आणि जे शेजारच्या गच्चीवरून कानी आले तेच लिहितो. पदरचे घातले असेल तर चवीपुरते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात मोठे युद्ध झाले. राज्य म्हणजे उत्तरेस जांभळाचे झाड, दक्षिणेस नगरपालिकेचे गटार, मध्ये बंगला आणि बंगल्यामागे पत्र्याची शेड. तेथील अधिपती श्रीमंत त्र्यंबकराव, बँकेतून निवृत्त, स्वभावे मानी. राणी सगुणाबाई स्वभावे शांत, म्हणजे ठाऊक असे ते लगेच बोलत नसत.

युद्धाचे मूळ जुने. श्रीमंतांचा पहिला दिवाळसण आला, तेव्हा वरच्या आळीत राहणारे सासरे नानासाहेब यांणी आपली जुनी विलायती मोटार जावयास दिली आणि बोलिले, "तुम्ही स्कूटरवरून पुढं व्हा, जावईबापू. मी सगुणेला घेऊन गाडीनं मागून येतो." मग मोटार उताराने डुलत खालच्या आळीत आली, आणि इंजिन तापले आहे, आज हात लावू नये, ऐसे सांगून नाना चहा घेऊन पायीच परतले. दुसरे दिवशी श्रीमंत स्वतः सुकाणूवर बसले, आणि इंजिन सुरू करून क्लच दाबिला आणि गिअर टाकिला, तो आतून ऐसा करकराट झाला की जांभळावरचे कावळे उडाले आणि मोटार जागची हलेना. श्रीमंतांनी जाणिले की सासऱ्यांची वस्तू आपल्याच हातून बिघडली. मग दिलावर मिस्त्री यांस गुपचूप पाचारण करून इंजिन उतरविले आणि शेडीत लाकडी घोडीवर ठेविले. पाहतात तो इंजिनाचे पाठीस फ्लायव्हील नामे जड लोखंडी चाक, आणि त्यास क्लचप्लेट नामे चकती गंजाने मिठी मारून बसलेली. ती सुटल्याखेरीज मोटार चालणे नाही. "पुढं बघू" म्हणोन काम राहिले ते राहिलेच. परंतु नाना भेटले की श्रीमंत सांगत, "गाडी काय छान पळते, नाना." नाना म्हणत, "पळणारच." आणि बसावयास एकदाही मागत नसत, यास श्रीमंतांनी त्यांची विरक्ती मानिले. दर खंडेनवमीस मात्र श्रीमंत इंजिनास हळदकुंकू वाहून त्या फ्लायव्हीलवरच नारळ वाढवीत आणि आतले पाणी भक्तिभावे सर्वत्र शिंपडीत. गंज वर्षास वाढतच गेला. तो कोठून येतो याची चौकशी होऊन ठपका पत्र्यावर आला आणि पत्रा बदलण्यात आला.

ऐसे असता नानांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले, आणि बाईसाहेब वाढता वाढता बोलिल्या, "अहो, नानांना कार्यालयात त्यांच्याच गाडीतून न्यायचं. मी त्यांना तसं सांगून टाकलंय." श्रीमंतांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षे पळती म्हणोन सांगितलेल्या मोटारीचे इंजिन घोडीवर चढलेले दिसले तर सासऱ्यांपुढे उभे कैसे राहावे, या चिंतेने त्यांस ताक गोड लागेना. मग तातडीने मोहीम ठरली. दिलावर बाह्या सारून बोलिले, "नारळ वाढवा साहेब, मग हात घालतो." वाढविला, नेहमीच्याच जागी. मग डिझेलचा अभिषेक केला आणि चकती हलली नाही. फटीत करवतीचे पाते घातले आणि पाते मोडले. गॅसची ज्योत लाविली आणि कुंकू जळोन शेड धुराने भरली. शेजारच्या राज्यातील इंजिनियर पाटणकर कुंपणावरून बोलिले की कोल्ड्रिंक ओता, गंज विरघळतो. ओतिले. मग मुंग्यांचे सैन्य आले आणि जेथे पाते शिरले नाही तेथे ते सहज शिरले.

"आता हातोडाच घालू का साहेब?" दिलावर पुसते झाले.

"नानांची वस्तू आहे. ओरखडासुद्धा उठता कामा नये," श्रीमंत बोलिले, आणि वेढा तैसाच राहिला.

समारंभाचे सकाळी नाना रेशमी धोतर नेसून, कोणाची वाट न पाहता, रिक्षाने येऊन थेट शेडीत प्रविष्ट झाले. श्रीमंतांनी डिझेलचे हात जोडिले आणि खाली पाहोन बोलिले, "नाना, गाडी माझ्या हातून बिघडली. पहिल्याच दिवशी. मी इतकी वर्षं तुमच्याशी खोटं बोलत आलो." नानांनी चाकावरून बोट फिरविले.

"अजून चिकटलेलीच आहे का ही?" ते बोलिले. "जावईबापू, ही माझ्याकडेच चिकटली होती. निघेना, म्हणून तर तुम्हाला दिली. त्या दिवशी उतारावरून नुसती सोडली होती."

श्रीमंत शेडीच्या दारात उभ्या बाईसाहेबांकडे वळले. "तू गाडीत होतीस."

"होते की. इंजिनाचा आवाज नव्हता, एवढं मला कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"नाना म्हणाले, जावयाला सांगू नकोस. तुम्ही म्हणालात, नानांना सांगू नकोस. मी दोघांचंही ऐकलं."

तेव्हा संवत्सराचे नाव सार्थ झाले. इतक्या वर्षांची लाज फुकट गेली, हा संताप श्रीमंतांच्या मस्तकी चढला आणि त्यांणी दिलावरांचे हातून छिन्नी आणि हातोडा घेऊन, ओरखड्याची पर्वा न करिता, चकतीच्या कडेवर एकच घाव घातला, आणि चकती खणकन सुटोन घरंगळत जांभळाखाली जाऊन पडली. मग नाना हळूच बोलिले, "मला तेव्हा राग यायला हवा होता."

इंजिन तर घोडीवर, आणि मुहूर्त जवळ आला. मग बिनइंजिनाच्या मोटारीवर झेंडूच्या माळा घालून नानांस सुकाणूवर बसविले, शेजारी बाईसाहेब बसल्या, आणि मागून श्रीमंत, दिलावर आणि पाटणकर यांणी जोर लाविला. स्वारी कार्यालयाकडे चालली. नाना काचेबाहेर डोके काढून बोलिले, "गाडी काय छान पळते, जावईबापू."

"पळणारच," श्रीमंत धापा टाकीत बोलिले.

एणेप्रमाणे फत्ते झाली. अब्रू कोणाचीच राहिली नाही, यास्तव उभयपक्षी सुख झाले. संध्याकाळी श्रीमंत विजयाचा नारळ उघड्या फ्लायव्हीलवर वाढवू लागले, तो बाईसाहेबांनी हातातून काढोन घेतला आणि त्याच्या वड्या केल्या. त्यातील एक आमच्या गच्चीवर पोचली. वडी उत्तम होती, आणि हकीगत पुरी झाली.