लाल माकडटोपीतला कोंबडा

"काकू, तुम्ही निश्चिंत राहा. रविवारी कोंबडा जाणार म्हणजे जाणार!" बुद्धभूषणने छातीठोकपणे सांगितले. अमेरिकेत आल्यापासून तो इतक्या मोठ्याने प्रथमच बोलला होता. त्यामुळे वाक्य संपताच त्याला स्वतःच्याच आवाजाची धास्ती वाटली.

ईडन प्रेरी या गावात तो शीलाकाकूंच्या तळघरात भाड्याने राहत असे. ऑफिसात दिवसभरात त्याच्या तोंडून 'हाय' आणि 'बाय' एवढेच निघे. उरलेले सारे तो संध्याकाळी परसातल्या चार पांढऱ्या कोंबड्यांना सांगे. नागपूरचे ऊन, आईची उशिरा येणारी पत्रे, सगळे त्या मान वाकडी करून ऐकत. उत्तर मात्र कधीच देत नसत. जानेवारीत तुरे गारठून काळे पडू नयेत म्हणून तो त्यांना व्हॅसलीन चोळी. काकूंनी तर प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकरीची माकडटोपी विणली होती! त्या टोप्यांपायीच लाल टोपीवाली 'कोंबडी' हा कोंबडा आहे, हे तो आरवेपर्यंत कोणालाच कळले नाही.

वसाहतीच्या कमिटीला मात्र ताबडतोब कळले. पत्र आले: रविवारी दुपारनंतर बांग ऐकू आली, तर चारही पक्षी हलवावे लागतील.

"काकू, हे पत्र ग्रीन कार्डच्या फाइलला लावत नाहीत ना?"

"अरे, व्हिसा कोंबड्याचा संपलाय, तुझा नाही!"

एक शेतकरी कोंबडा न्यायला तयार झाला. तो पाळणार आहे, कापणार नाही, हे बुद्धभूषणने फोनवर त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले. रविवारी उजाडण्यापूर्वीच त्याचा ट्रक आला. थंडीने चारही पक्षी फुगून कापसाचे बोळे झाले होते. बुद्धभूषणने टॉर्चच्या उजेडात लाल टोपीवाला पक्षी हेरला, खोक्यात ठेवला, डोळे पुसले आणि खोके शेतकऱ्याच्या हाती दिले.

दुपारी कमिटीच्या बाई फाइल घेऊन हजर!

"द रूस्टर इज गॉन," बुद्धभूषण म्हणाला. इतक्यात फोन वाजला. तो काकूंनी घेतला.

"बुद्धभूषण, तो शेतकरी म्हणतोय, तुमच्या कोंबड्याने अंडं घातलंय!"

"काकू... टोप्या?"

"काल धुतल्या रे! व्हॅसलीनने नुसत्या मेणचटल्या होत्या. वाळल्यावर घातल्या परत, हाताला येईल ती!"

त्याच क्षणी परसातून खणखणीत बांग आली. बाईंच्या भुवया थेट छपराला टेकल्या.

"दॅट वॉज मी," बुद्धभूषण पुटपुटला.

"यू?"

"येस. आय... प्रॅक्टिस."

"शो मी."

बुद्धभूषणने डोळे मिटले. उरलेल्या कोंबड्यांच्या वाकड्या माना त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. मग वर्षभर गिळलेला सगळा आवाज एकवटून तो आरवला! काकूंच्या हातून रिसीव्हर पडला. बाईंच्या चेहऱ्यावर चक्क आदर उमटला. त्यांनी फाइल मिटली, पेनाला टोपण लावले.

इतक्या महिन्यांत त्याच्या बोलण्याला परसातून कधी उत्तर आले नव्हते. आज आले. लागोपाठ तीनदा!