तिप्पट सावधान

लग्नातले सगळेच विधी अत्यावश्यक असतात. वेळ कमी पडला तर त्यांतला कोणता आवरायचा, एवढाच प्रश्न उरतो. सत्कार आवरता येत नाहीत, कारण सत्कारमूर्ती समोरच बसलेले असतात. मुहूर्त आवरता येत नाही, कारण तो वरून ठरतो. राहता राहिल्या मंगलाष्टका.

मुरूम गावच्या श्रीदेवीबाईंना हे फार उशिरा कळलं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी आजवर चारशे बारा लग्नं गाऊन लावली होती (त्यांतली टिकली किती, याची आकडेवारी उपलब्ध नाही). मागच्या वर्षी त्यांचा गळा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी वरची पट्टी बंद केली. मीठ बंद झाल्यावर माणूस जसा गप्प जेवतो, तशा बाई गप्प लग्नांना जाऊ लागल्या.

ते त्यांच्या भाचीला, हर्षालीला, बघवेना. ती संगणकावर संगीत जुळवायचं काम करायची. तिनं लोकांकडून जुन्या लग्नांचे व्हिडिओ जमवले आणि मावशीच्या आवाजाचे अक्षरागणिक तुकडे कापले. या तुकड्यांना त्या धंद्यात सॅम्पल म्हणतात. नुसते ‘सावधान’च त्रेसष्ट निघाले. (एकात मागून कुकरची शिट्टी वाजली होती, तो वगळला.) तुकडे जोडले की लॅपटॉपमधून बाई गायच्या, अगदी बाईंसारख्या.

शिवलीलाचं लग्न ठरलं तेव्हा लॅपटॉपमधून गायला बाईंनी स्वतः होकार दिला. शिवलीला त्यांची तिसरीतली विद्यार्थिनी. तिच्या लग्नात गाईन, असा शब्द त्यांनी तेव्हाच देऊन ठेवला होता.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त बारा बेचाळीसचा होता. वधूपिता महालिंगप्पा हे आडत व्यापारी आणि माणसं जोडलेला माणूस. जोडलेल्या सत्तावीस माणसांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. (नारळ चौदाच होते. ते फिरत होते.) सत्तावीस जणांनी ‘मी फार वेळ घेणार नाही’ असं सांगून तो घेतला. सत्कार संपले तेव्हा बारा अडतीस झाले होते. मंगलाष्टका अकरा मिनिटांच्या होत्या.

“चार मिंटं हायत,” लग्न लावणाऱ्या शिवशरण स्वामींनी मनगटावर बोट ठेवून जाहीर केलं.

महालिंगप्पा लॅपटॉपकडं धावले. “हर्षाली, पळव की जरा!”

“टेम्पो वाढवते काका.”

“टेम्पो कशाला? मांडवाच्या मागं उभाच हाय की, भांडी घेऊन आलेला.”

हर्षालीनं घाईघाईत समजावलं. “तो न्हाय काका. ह्यात दोन कळी हायत. टेम्पो वाढवला की मावशी मावशीच राहते, फकस्त घाई करते. स्पीड वाढवला की वेळ वाचतो, पण आवाज बी वर चढतो. दुप्पट केला तर मावशी आठ वर्षांची व्हते.”

“आन् तिप्पट?”

“तिप्पटला ती जन्मायचीच राहते.”

“टेम्पोनं किती वाचतंय?”

“दुप्पटीच्या पुढं शब्द तुटत्यात. साडेपाच मिंटं तरी लागतील.”

“मग वरचं दीड मिनिट म्या कुठून आणू?” असं म्हणून महालिंगप्पांनी स्पीडची कळ स्वतःच्या हातानं शेवटापर्यंत सरकवली.

पुढचा प्रकार तीन मिनिटं चाळीस सेकंद चालला. लाउडस्पीकरमधून एक चिमणी शिव-पार्वतीचं वर्णन करू लागली. दर सत्तावीस सेकंदांनी ‘सावधान’ येऊ लागलं. पाहुण्यांची एक मूठ हवेत असतानाच दुसरी मारायची वेळ व्हायची. चौथ्या कडव्यात अक्षता संपल्या आणि लोक खाली पडलेल्या वेचून मारू लागले. अंतरपाट सहाव्या कडव्यालाच सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. नंदीश नवरदेवानं गोंधळून पहिला हार स्वामींना घातला. पण मुहूर्त गाठला गेला, वर वीस सेकंद शिल्लक राहिले.

“झालं न्हाय का येळंत?” महालिंगप्पा घाम पुसत म्हणाले. मांडवानं टाळ्या वाजवल्या.

श्रीदेवीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या आवाजात त्यांना आपण कुठंच सापडलो नव्हतो. शेवटचं कडवं त्यांनी शिवलीलासाठी नवं लिहिलं होतं, सहा रात्री खोडून खोडून. त्यातला एकही शब्द कुणाला कळला नव्हता, लिहिणारीलासुद्धा.

त्या उठल्या, व्यासपीठावर गेल्या आणि माईक हातात घेतला.

“मावशी, डॉक्टर—” हर्षाली म्हणाली.

“डॉक्टरला शब्द दिल्ता का शिवलीलाला?”

“बाई, मुहूर्त टळून गेलाय आता,” महालिंगप्पा म्हणाले.

“मुहूर्ताचं लगीन लागलं अप्पा. पोरीचं लागायचंय. अंतरपाट धरा.”

तिसरीच्या वर्गाला ज्या आवाजात उभं करत, त्याच आवाजात बाई बोलल्या होत्या. महालिंगप्पांनी मुकाट्यानं एक टोक धरलं, हर्षालीनं दुसरं. नंदीशनं गळ्यातला हार काढून पुन्हा हातात घेतला.

बाई गायल्या. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा करकरत होता. चार ठिकाणी दम लागला, चारही ठिकाणी त्या थांबल्या आणि सगळे थांबले. दुसऱ्या ओळीला शिवलीला खळखळून हसली. तिसऱ्या ओळीला अंतरपाटाचं एक टोक हलायला लागलं; महालिंगप्पांना ते एका हातानं धरून दुसऱ्यानं डोळे पुसायचे होते. किती वेळ लागला याची नोंद नाही, कारण स्वामी घड्याळ बघायचं विसरले.

लग्नाला चौदाशे माणूस होतं. ते कडवं नऊ जणांनी ऐकलं.

त्या दुसऱ्या ओळीत असं काय होतं, असं तुम्ही आता मला विचाराल. मला काय माहीत? बाईंनी माईक उचलला तेव्हा मी जिलेबीच्या रांगेत होतो, आणि तुम्ही माझ्या पुढं.