चौथ्या सिलिंडरवर संशय

रविवारी नव्या व्याह्यांना जोतिबाला न्यायचं होतं, आणि शनिवारी सकाळी वसंतरावांची गाडी राजारामपुरीच्या चौकात आचके देऊन बंद पडली. लेकीच्या, मैथिलीच्या साखरपुड्यात त्यांनी सांगलीच्या व्याह्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमची गाडी म्हणजे घड्याळ! जोतिबाला मीच नेतो तुम्हाला." आता हे घड्याळ घाटात बंद पडलं, तर व्याह्यांना धक्का मारायला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मागच्या शनिवारी त्या मेकॅनिक कृष्णातनं ऑइल बदललं. त्याच्या दारातून बाहेर पडल्यापासून ही बोंब आहे," ते बायकोला, लीलाताईंना म्हणाले. "त्यानं काहीतरी काढून घेतलंय."

"ते राहू द्या. माझी गुलाबी नेलपॉलिशची बाटली आठ दिवस सापडत नाही. कामाच्या धोंडुबाईशिवाय घरात येतं कोण?"

वसंतराव चौतीस वर्षं गणिताचे मास्तर होते. दहावीच्या परीक्षेला ते वर्गात उभे राहिले की मुलं आधी जोतिबाचं नाव घेत आणि मग पेपर. पेपरआधी तळहात, मग खिसे, मग बूट, अशी झडती असे. मास्तर निवृत्त झाले, संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाल्याच्या मापापासून पंपावरच्या आकड्यापर्यंत त्याला भरपूर काम होतं. शाहूपुरीतला मेकॅनिक कृष्णात हा तर त्यांचाच विद्यार्थी. त्यामुळं त्याच्यावर जास्तच.

गाडी कशीबशी त्याच्याच गॅरेजमध्ये आणून त्यांनी बॉनेटसमोरच स्टूल टाकलं, गुडघ्यावर वही घेतली आणि मनगटावरच्या जुन्या कॅलक्युलेटरवाल्या घड्याळात बघून लिहिलं, "दहा वाजून बारा. बॉनेट उघडले." लीलाताई शेजारी पर्स सांभाळत बसल्या.

कृष्णातनं गाडीला स्कॅनर जोडला. "चार नंबरचा सिलिंडर मिसफायर हाय, सर. तिघं पळत्यात, चौथा बसलाय."

"तुला कसं कळलं?"

"मशीन सांगतंय की."

"मशीन तुझंच ना?"

कृष्णात इंजिनावर वाकला. त्यानं चौथ्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल काढली आणि पहिल्याच्या जागी बसवली. पहिल्याची चौथ्याला. वसंतराव स्टुलावरून उठलेच.

"ए! जागा कशाला बदलतोस?"

"आवो, चार नंबरच्या खाटंवरचा पेशंट कण्हतोय. त्याला एक नंबरवर झोपवायचा. तितंबी कण्हला तर पेशंट आजारी. न्हाय कण्हला तर खाटच मोडकी."

गाडी चालू केली. ती पुन्हा थरथरली. या खेपेला स्कॅनर म्हणाला, एक नंबर.

"पेशंटच आजारी हाय, सर. कॉइल गेली. नवी टाकाय लागंल."

"गेली कशी?" वसंतरावांचा आवाज वर्गातला झाला. तीन गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. "मागच्या शनिवारी माझी चांगली कॉइल काढून तू ही जुनी घातलीस!"

कृष्णातचा चेहरा लाल झाला. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "सर, भरवसा नसंल तर गाडी घिऊन जावा. मी हात लावणार न्हाय."

"अहो, उद्या व्याही!" लीलाताई कुजबुजल्या.

"थांब! पुरावा आहे माझ्याकडं," वसंतराव गरजले. "त्या दिवशी ऑइल बदलायच्या आधी तू चहाला गेलास, तेव्हा मी वायरींचे चारी कनेक्टर काढून कॉइलींच्या आत खुणा केल्यात. पहिलीला एक ठिपका, चौथीला चार. बाहेर केल्या तर चोर पुसतो. उघड! चौथीत ठिपके निघाले, तर मी सगळ्यांसमोर कान धरतो!"

कृष्णातनं त्या बिघडलेल्या कॉइलचा कनेक्टर ओढून काढला आणि आत बॅटरी मारली. गिऱ्हाइकंसुद्धा वाकली. आत ठिपके होते. चारही होते, पण ओघळून एक झाले होते आणि पिनांवर गुलाबी साय धरून वाळले होते.

"कॉइल तुमचीच हाय, सर. चांगलीबी हाय. पण ह्या रंगातनं करंट जाणार कसा? चौथ्याला तुमच्या खुणंनंच बसवलंय."

लीलाताई पुढं झाल्या. "हा तर माझा रंग! म्हणजे बाटली तुम्ही नेलीत? आणि मी आठ दिवस त्या धोंडुबाईची पिशवी बघतेय!"

वसंतरावांनी कान धरले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. कृष्णातला त्यांची दया आली असावी. त्यानं थिनर लावून पिना घासल्या, कॉइली जागच्या जागी बसवल्या, आणि दहा मिनिटांत गाडी चारही सिलिंडरवर गुरगुरायला लागली. वसंतरावांचा जीव भांड्यात पडला.

"जाऊ आता?"

"थांबा. बॉनेट उघडं हाय. आधी हात दाखवा."

वसंतरावांनी मुकाट्यानं दोन्ही हात पुढं केले. कृष्णातनं तळवे बघितले, मग हात उलटे केले आणि मनगटाशी थबकला.

"सर, हे घड्याळ?"

"सव्वीस वर्षं वापरतोय," वसंतरावांना जरा उभारी आली. "मिनिटाचा फरक नाही."

"माझ्या मामानं दुबईवरनं आणलेलं. दहावीच्या गणिताच्या पेपराला तुम्ही जप्त केलतं. निकालानंतर देतो म्हणालता."

"तुझंच कशावरून? पुरावा काय?"

"मागं बघा. कुणी चोरू ने म्हणून कर्कटकानं खूण केलीया."

लीलाताईंनीच घड्याळ सोडवून उलटं केलं. स्टीलवर वेडंवाकडं, पण स्पष्ट कोरलं होतं, 'कृ'.

रविवारी गाडी जोतिबाचा घाट एक आचका न देता चढली. व्याही खूष झाले.

"गाडी खरंच घड्याळ आहे हो तुमची! किती वाजले?"

वसंतरावांनी सवयीनं मनगट वर केलं. तिथं नुसता पांढरा पट्टा होता.

"घड्याळ ज्याचं त्याला दिलं," मागून लीलाताई म्हणाल्या. "आता नुसती गाडीच आहे."