डोनलचा डावा हात

तीन पंचांनी मिळून डोनलला फसवलं. इथे परदेशात, सँडरिंगहॅममधल्या माझ्या किराणा दुकानात जो कोणी आला, त्याला गेली कित्येक वर्षं मी हे सांगत आलो. डाळ घ्यायला आलेल्यालाही आणि नुसता पत्ता विचारायला आलेल्यालाही.

डोनल आमच्या मागच्या गल्लीत राहणारा आयरिश म्हातारा. एके काळचा हेवीवेट बॉक्सर. दारातून आत शिरताना तो आधी डावा खांदा घालतो, मग छातीला टेकवलेली हनुवटी, मग उरलेला डोनल. हिवाळ्यातही पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. दर शनिवारी सकाळी तो तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर चढतो, श्वास रोखतो आणि मला त्याचं वजन मोठ्याने पुकारायला लावतो. लढतीआधी वजन करायची सवय आहे. लढती संपल्या, सवय राहिली.

"उतर, मला पोतं चढवायचंय," मी एकदा खेकसलो.

"आधी मला पुकार, सॅट."

माझं नाव सातपुते. त्याला तेवढंच झेपतं.

'हनुवटी खाली' हा त्याचा सगळ्यांना सल्ला. कोथिंबीर निवडणाऱ्या बाईला, वरच्या फळीवरचा बासमती काढणाऱ्याला. माझी बायको नीलिमा नणंदेशी फोनवर बोलत असली की तो काउंटरपलीकडून हळूच खूण करतो: हनुवटी खाली. आणि ती खरोखर खाली घेते. माझं सांगणं तिने इतक्या चटकन कधी ऐकलेलं नाही.

आमचं एका बाबतीत मुळीच पटत नाही. मी घासाघीस केल्याशिवाय दात घासायचा ब्रशसुद्धा घेतलेला नाही. चिंचवडहून आलो, दुसऱ्याच्या दुकानात फरशी पुसली आणि भांडून भांडून हे दुकान उभं केलं. आणि हा माणूस लेबलवर असेल ती किंमत निमूट देतो. मी आपणहून कमी केली तर तोंड पाडतो. अशा गिऱ्हाइकाशी बोलायचं तरी काय?

मग एकदा त्याने फोनवर मला त्याची शेवटची मोठी लढत दाखवली. चित्र इतकं धूसर की दोघं वाफेत भांडतायत असं वाटावं. पण मला कळायचं ते कळलं. सातव्या फेरीपर्यंत डोनलच्या डाव्या हाताने समोरच्याचा भुगा केला होता. शेवटी विजेता म्हणून हात वर गेला तो मात्र समोरच्याचा.

"म्हणजे फसवलं तुला," मी म्हणालो.

डोनल नीलिमाच्या आल्याच्या चहात बिस्कीट बुडवत होता. ते तुटून पडलं ते चमच्याने बाहेर काढलं. मग म्हणाला, "तुला तसं वाटतं?"

"वाटतंय काय? दिसतंय."

"मग तसंच असेल, सॅट."

मला एवढं पुरलं. चिंचवडमध्ये मला सख्ख्या भागीदाराने बुडवलंय, त्यामुळे फसवणूक मला वासावरून कळते. मी ती फिल्म माझ्या फोनवर घेतली आणि येईल त्याला दाखवू लागलो. आयटीतला एक पुणेकर मुलगा शेव घ्यायला आला होता. फिल्म पाहून म्हणाला, "पण काका, आठव्या फेरीनंतर यांचा डावा हात चालतच नाहीये."

"दुखावला असेल. म्हणून काय आधीची मेहनत वाया?"

"पण काका, पॉइंट्स तर..."

त्याला मी शेव न देताच घालवला. माझी मुलगी इरा म्हणाली, "बाबा, तो हरला. मूव्ह ऑन." तिच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

ही भांडणं चालू असताना डोनल लोणच्यांच्या फळीपाशी हाताची घडी घालून उभा असायचा. कान लाल. काही विकत घ्यायचा नाही आणि हलायचाही नाही.

यंदा मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याचा जाहीर सत्कार करायचा, असं मी ठरवलं. मंडळाच्या सचिव जोशीबाई म्हणाल्या, "अहो सातपुते, आयरिश बॉक्सरचा आणि आपला संबंध काय?"

"तुमच्या फराळाचं बेसन माझ्या दुकानातून येतं, हा संबंध."

सत्कार ठरला.

शाळेचा हॉल भरला होता. शाल त्याच्या एकाच खांद्याला पुरली. नारळ त्याने तळहातावर तोलून पाहिला. मग मी बोललो. पंचांची मी अशी सालटी काढली की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी श्रवणयंत्र काढून ठेवलं. शेवटी रिवाजाप्रमाणे सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे होते. आमच्याकडे हे दोन शब्द अर्धा तास चालतात.

डोनल मिनिटभरच बोलला. दोन्ही हातांत नारळ धरून, ताठ उभा राहून. नारळ हातात दिला म्हणजे आता खरं तेच बोलायचं, अशी त्याची समजूत झाली होती, हे मला नंतर कळलं.

"आठव्या फेरीत त्याचा उजवा डोळा मिटला," तो म्हणाला. "माझा डावा हात त्या बाजूने यायचा. तो त्याला दिसेनासा झाला. ज्याला दिसत नाही त्याला मी काय मारणार? मी डावा हात खाली ठेवला आणि हरलो. पंच बरोबर होते. माझा मित्र म्हणतो ते सगळं चूक आहे, पण तो फार छान म्हणतो."

हॉलभर टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत.

बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे मी त्याला गाठलं. तो शालीची घडी घालायच्या खटपटीत होता.

"आधी का नाही सांगितलंस? मी गिऱ्हाइकं घालवली. पोरीशी अबोला धरला."

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो."

"मग?"

"तू ओरडायला लागलास."

"मी रोजच ओरडतो."

"माझ्यासाठी ओरडलास, सॅट." घडी पुन्हा विसकटली. "त्या दिवशी माझ्या कोपऱ्यात तिघं होते. ट्रेनर, मॅनेजर आणि माझा भाऊ. निकाल लागला आणि तिघांनी बादली, टॉवेल आवरायला घेतले. कोणी एक शब्द काढला नाही. मी डावा हात का थांबवला, हेही विचारलं नाही. भाऊ नंतर बोललाच नाही. मग मी इकडे निघून आलो. तू त्या बिचाऱ्या मुलाला शेव न देता हाकललंस ना, त्या दिवशी मी घरी जाऊन एकटाच खूप वेळ हसत बसलो होतो."

मी शाल त्याच्या हातातून घेतली आणि नीट घडी करून दिली.

पंचांना मी सोडलं. त्यांना दिसलं तेवढं त्यांनी केलं. पण कोपऱ्यातल्या त्या तिघांना सगळ्यांत जवळून दिसत होतं. आपला माणूस बरोबर हरला की चूक, हे नंतर बघता येतं. आधी टेबलावर हात आपटायचा असतो. ट्रेनर आणि मॅनेजर आता या जगात नाहीत, असं डोनल म्हणतो. भाऊ आहे, आयर्लंडमध्येच. एवढ्या वर्षांत डोनलला एक फोन का केला नाही, याचं उत्तर मला त्याच्याकडून पाहिजे. दुकान रोज उघडं असतं आणि फोन मी स्वतः उचलतो.