स्क्रीनवरची चूल

सासूला तोंडावर नाही म्हणायचं नाही, एवढाच काय तो जगदीशने निर्णय घेतला होता. (घेतला कसला, लग्नाच्या मांडवात त्याच्या वतीने घेतला गेला होता.) तो एवढा महागात पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

धुळ्यात देवपूरला जगदीश घरांचे नकाशे काढून द्यायचा. कॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या युक्त्यांचा त्याला भलताच अभिमान. पूर्ण कमांड टाइप करणारा माणूस दिसला की त्याला दया यायची, आणि माऊसने मेनू उघडणाऱ्याच्या घरी तो पाणीसुद्धा प्यायचा नाही. पण सगळ्यात लाडकी युक्ती वेगळीच. कॅडमध्ये चित्र लेअरवर काढतात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांवर. त्यातलं 'डेफपॉइंट्स' नावाचं एक पान असं, की त्यावरचं स्क्रीनवर दिसतं, पण प्रिंटमध्ये येत नाही. गिऱ्हाइकाने गच्चीवर कारंज्याचा हट्ट धरला, की जगदीश ते त्या लेअरवर काढायचा आणि म्हणायचा, "टाकलं की. हे बघा स्क्रीनवर." गिऱ्हाईक खूश, जगदीश मोकळा. बांधकाम संपेपर्यंत बरेच जण कारंजं विसरायचे. जे विसरत नसत त्यांना तो पाणीटंचाई समजावून सांगायचा.

मग त्याचं स्वतःचं घर निघालं. प्लॉट धरणगावच्या सासऱ्यांनी लेकीच्या, म्हणजे सुनिताच्या नावावर घेतलेला. या घरात जगदीशला स्वतःसाठी फक्त एक खोली हवी होती: केबिन. अकरा वर्षं तो गिरणीशेजारच्या गाळ्यात बसत होता आणि कीबोर्डमधून रोज चिमूटभर पीठ काढत होता. आता काचेचं दार, दारावर नाव आणि गिऱ्हाइकांनी चपला बाहेर काढून आत यायचं, एवढं त्याचं स्वप्न होतं.

नकाशा बघायला सासूबाई, म्हणजे प्रमिलाअक्का आल्या.

"जवाई, खापरनी चूल कोठे शे?"

"अक्का, आता गॅस आहे ना."

"मांडा गॅसवर व्हतस का?"

हातभर रुंद मांडा, म्हणजे पातळ पुरणपोळी, मातीच्या उलट्या खापरावर टाकायचा तर रुंद चूलच लागते, हे खानदेशात लहान पोरालाही कळतं. सुनिता आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. अक्कांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. नेमकं केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे त्याचं काचेचं दार यायचं होतं तिथे. जगदीशने गुपचूप डेफपॉइंट्स लेअर निवडला आणि चूल काढली. वर हौसेने लाल जाळही काढला.

"टाकलं की, अक्का. हे बघा स्क्रीनवर."

अक्कांनी चष्मा पुढे ओढून बघितलं. "सुनिता, फोटू काढ."

सुनिताने मोबाईलवर फोटो काढला. मायलेकी निघून गेल्यावर जगदीशने चूल पुसली आणि त्याच जागी आनंदाने दार काढलं, शेजारी खिडकी काढली. (भिंत न कापता दार-खिडकी तिच्यावर नुसती चिकटवायची, ही त्याची युक्ती क्रमांक सदतीस.) लेअर मात्र तोच चालू राहिला. कोणता लेअर चालू आहे ते आधी बघावं, हे तो शिष्यांना शिकवत असे. स्वतः बघायची त्याला गरज वाटत नसे.

प्रिंट गेली तोताराम मिस्त्रीकडे. तोतारामला त्याने बजावलं होतं, "कागदावर आहे तेवढंच बांधायचं. डोकं चालवायचं नाही." कारण मागे एकदा तोतारामने डोकं चालवून जिना बदलला होता आणि तो जगदीशच्या जिन्यापेक्षा चांगला झाला होता. हे जगदीशच्या मनातून गेलं नव्हतं.

मग तो जळगावला 'कॅडच्या एकशे एक युक्त्या' शिकवायला बारा दिवस गेला. पाचव्या दिवशी भर वर्गात तोतारामचा फोन आला. मिस्त्री लोकांना नकाशा कसा वाचता येत नाही हे दाखवायला जगदीशने स्पीकर लावला.

"भाऊ, या खोलीले दार नही शे."

"कागद नीट बघा."

"उलटा करीसन बी पाहा. खिडकी बी नही शे."

"मग जे दिसतंय ते बांधा."

वर्ग हसला. जगदीशही हसला, जरा जास्तच.

तेराव्या दिवशी तो परतला तेव्हा केबिनच्या चारही भिंती उभ्या होत्या, सुरेख, सलग. तोताराम आतून शिडीने वर येऊन बाहेर उतरला. बाहेरच्या भिंतीला लागून चूल होती, तिला हळदकुंकू लागलं होतं, वर खापर होतं, आणि अक्का कोपरापर्यंत हातांवर मांडा झुलवत होत्या. पाच सवाष्णी जेवून गेल्या होत्या.

"कागदावर चूल कुठे होती?" जगदीश ओरडला.

"कागदवर नव्हती. फोटूमा व्हती," तोताराम म्हणाला आणि त्याने सुनिताच्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

भिंत फोडता आली असती. पण त्यासाठी चूल हलवावी लागणार, आणि ती का हलवायची हे सांगायचं तर ती पहिल्यापासून खोटी होती हेही सांगावं लागणार. अक्कांनी त्याच्या पानात मांडा वाढला आणि म्हणाल्या, "पहिला जवाई पाहा, ज्यानी मन्हं आयकं." सुनिताने प्रिंट आणि मोबाईलमधला फोटो शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघितले. मग त्याच्या लॅपटॉपवरचा नकाशाही उघडून बघितला.

दोन भिंती शेजाऱ्यांच्या कंपाउंडला खेटून होत्या. उरली एक, बाथरूमची. दार तिथून पाडलं. काचेचं अर्थातच नाही.

घरभरणी झाली. सोमवारी सकाळी जगदीश नवीन केबिनमध्ये दिवा लावून बसला. यावलचे भाईदासभाऊ, केळीचे मोठे बागायतदार, बंगल्याचा नकाशा करून घ्यायला यायचे होते. त्यांचा फोन आला.

"जगदीशभाऊ, मी घराला दोन चकरा मारल्या. एक बाई चूल पेटवताहेत, त्या काही बोलत नाहीत. तुमच्या ऑफिसचं दार कुठून आहे?"

जगदीश उठला आणि त्याने दार ढकललं. पलीकडून कडी होती. आज सुनिताचा केस धुवायचा दिवस होता.

"सुनिता, गिऱ्हाईक आलंय. मला बाहेर जायचंय."

पाण्याचा आवाज थांबला.

"मग जा ना. चांगलं काचेचं दार टाकलंय की," आतून सुनिता शांतपणे म्हणाली. "बघा स्क्रीनवर."