एकच पूल पुरे

नगररचना खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांचं शहर एक लाख वस्तीला पोहोचलं आणि सकाळी आठ वाजता जागच्या जागी थांबलं. शहर कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं, पण साहेबांचा जीव त्यात खराखुरा अडकला होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी गावच्या नदीवर एकच पूल पुरे, असा आराखडा केला होता. त्यांच्या हाताखालच्या माणसाने तीन पूल मागितले आणि वरच्यांनी तीनच बांधले. तेव्हापासून कचेरीत साहेबांना पाठीमागे एकपुले म्हणत आणि त्या दुसऱ्याला तिपुले. साहेबांना ते ठाऊक होतं. भाजीसुद्धा ते नदीच्या अलीकडूनच आणत.

आता हा शहर उभारायचा खेळ हाती लागला होता. त्यातला प्रत्येक माणूस घरातून निघतो, आपापला रस्ता शोधतो आणि कामाला पोहोचतो. साहेबांनी तीच नदी काढली, तिच्यावर एकच पूल बांधला आणि तो पुरा व्हायच्या आतच तिपुल्यांना रविवारी चहाला बोलावून ठेवलं.

आणि आठच्या ठोक्याला पुलावर गाड्या थिजल्या.

"मशीन धापा टाकतंय," साहेबांनी निदान केलं.

त्यांच्या पत्नीने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे त्यांना सगळे बाईच म्हणत. त्यांनी चष्मा सावरून पाहिलं. "अहो, मशीन नाही, पूल तुंबलाय," त्या म्हणाल्या. साहेबांना ते ऐकू गेलं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात ही कला त्यांना चांगलीच साधली होती.

जावयाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं म्हणणं पडलं की लाख माणसांचे रस्ते ठरवायचं गणित प्रोसेसर करतो, तेव्हा बदलायचा तर तो बदलावा. साहेबांनी त्याला गप्प केलं. अडलेलं डोळ्यांना दिसतंय, मग दाखवणारा भाग बदला, हा त्यांचा न्याय. ग्राफिक्स कार्ड आलं. ते एवढं लांब निघालं की कॅबिनेटही नवं आणावं लागलं. गाड्या होत्या तिथेच राहिल्या, पण नदीत ढग दिसू लागले आणि अडकलेल्या ड्रायव्हरांचे वैतागलेले चेहरेही.

"नदी छान वाहतेय," बाई म्हणाल्या.

मग साहेबांच्याच हुकमाने रॅम दुप्पट झाली. त्यामुळे पडद्यावर शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विनाअडथळा नजर फिरवता येऊ लागली. तिथेही रांग होती. शेवटी शनिवारी जावयाने कोणाला न विचारता प्रोसेसर बदलला, त्याच्यासाठी मदरबोर्डही बदलला आणि म्हणाला, "बाबा, आता चालवा."

पहाटे सहाला जतन केलेलं शहर साहेबांनी सुरू केलं. पूर्वी खेळातल्या सहाचे आठ वाजायला पाऊण तास लागायचा. आता तीन मिनिटांत आठ वाजले आणि चौथ्या मिनिटाला पूल गच्च, त्यामागचे रस्ते गच्च, अग्निशमनाचा बंबसुद्धा गच्च. सगळं अगदी सुरळीतपणे तुंबलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण नवंकोरं बसवून झालं होतं.

बावीस वर्षं जपलेलं मत चार मिनिटांत गेलं, याचं साहेबांना फार वाईट वाटलं. बाईंनी पुढे होऊन स्पेस बार दाबला. शहर आहे तसं थांबलं.

"राहू द्या आता," त्या हळूच म्हणाल्या.

पण रविवारी सकाळी साहेब ताजेतवाने उठले आणि त्यांनी जावयाला फोन केला. जुना प्रोसेसर आणि जुना मदरबोर्ड दुपारच्या आत परत बसला पाहिजे.

"बाबा, लोक जुनं काढून नवं बसवतात."

"लोकांना नियोजन कळत नाही."

तिपुले चारला आले. पडद्यावर पहाटेचे सहा वाजले होते. पुलावरून एक गाडी गेली. सावकाश दुसरी गेली. तिपुले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत राहिले. बाईंनी चहा आणला, तो निवला, दुसरा आणला. पडद्यावर सात वाजून गेले तरी गाड्या लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरावेत तशा निवांत चालल्या होत्या.

"साहेब, मानलं तुम्हाला," तिपुले अखेर म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. त्यांनीही घरी हाच खेळ मांडला होता, तीन पुलांचा. आठ वाजले की तिन्ही तुंबायचे. मुलाने नव्यातलं नवं मशीन आणून दिलं, तर उलट लवकर तुंबू लागले. "तुमच्याकडे प्रोसेसर कोणता?"

मशीन बसवून तिथेच थांबलेला जावई खिडकीबाहेर पाहू लागला.

"जुना," साहेब म्हणाले. "जुनाच लागतो. हे आमचे जावई देतील बसवून. लिहून घ्या."

तिपुल्यांनी खिशातून डायरी काढली आणि खरंच लिहून घेतलं. साहेबांनी बाजूला सरकून जागा करून दिली, पेन चालेना तर आपलं दिलं आणि हिरिरीने समजावू लागले. बावीस वर्षांत ते तिपुल्यांशी इतकं बोलले नव्हते. बोलण्याच्या भरात पडद्याकडे पाठ झाली.

बाईंचं लक्ष मात्र पडद्यावरच्या घड्याळावर होतं. आठला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी स्पेस बार दाबला आणि कपबशा उचलल्या.