नौकाखात्याने पोटनियम कैसा जोडिला

श्रीजलदेवता रयतेस पार नेवो. शके सत्राशे, विलंबी नाम संवत्सरी, एके राज्यात वर्तले ते ऐसे : मागील साली नाव उलटोन माणसे बुडाली, म्हणोन राजसभेने एका ओळीचा कायदा केला की, "नावेत बसेल त्याचा जीव जपावा," आणि सभा भोजनास उठली. मग जपावा कैसा, हे ठरविणे नौकाखात्याचे कारभारी माधोपंत यांजकडे आले. पंतांचा धाकटा भाऊ त्याच नावेत गेला होता, यास्तव नियमांत फट न राहावी ऐसा त्यांचा निश्चय. मग मसुदा केला की माणसे किती घ्यावी आणि पाणी किती चढता नाव बांधावी, आणि दवंडी पिटविली की, हरकत असेल त्याणे ऐलतीरी कचेरीत येऊन सांगावी आणि नियम कायम होईतो नावा बंद. वस्ती सारी पैलतीरी. हरकत आली नाही. पंतांस संतोष जाहला.

तों एके सकाळी पैलतीराहून हाका आल्या. नावा बंद जाहल्याने ऐलतीरी अडकोन राहिलेली गोदूबाई सुईण घाटावर आली आणि नावाड्यास म्हणाली, "भिवजी, नाव सोड. पलीकडे कोंडाईची लेक अडली आहे."

भिवजी बोलिला, "मावशी, नाव जप्त होईल. पंत तेथेच उभे आहेत."

मग बाई पंतांपुढे गेली. "पंत, नावेत बसेल त्याचा जीव जपता, आणि नावेची वाट पाहील त्याचा?"

"तो कायद्यात नाही, बाई."

"मग हीच माझी हरकत. घ्या लिहून."

पंत बोलिले, "हरकतीची जागेवर पाहणी करावी लागते."

"जागा पलीकडेच आहे!"

पंतांनी चढल्या पाण्याकडे पाहिले. मग हळूच बोलिले, "पाहणीस नाव सोडण्यास बंदी नाही," आणि भाऊ बुडाल्यावर प्रथमच नावेत बसले आणि डोळे मिटोन काठ धरिला. मध्यधारेत नाव हेलावली, तेव्हा पुसिले, "बाई, अडली ऐसे केव्हा समजावे?"

"घरच्यांचा धीर सुटला म्हणजे समजावे."

मग लेक सुटली, मुलगी जाहली, दोघी वाचल्या. ओसरीवर बसल्या पंतांनी रडणे ऐकिले, डोळे पुसिले आणि पाहणी पुरी जाहली ऐसे जाहीर केले. मग पोटनियम जोडिला की, जीवावर बेतल्यास नाव थांबवू नये, आणि धीर सुटला की नाही हे घरच्यांनी ठरवावे, खात्याने नव्हे. सभेने पुसिले, हे कायद्यात कोठे आहे? पंतांनी उत्तर धाडिले, "जीव या शब्दात."

एवंच, कायदा भोजनापूर्वी जाहला, नियमांस पावसाळा लागला. कोंडाईची नात मात्र थांबली नाही.